गोड्या पाण्याचा हिशेब: सेशेल्सच्या बेटांमध्ये शिडाच्या बोटीवर

शनिवार : माहे

मे महिन्याच्या अखेरीस अकोला जिल्ह्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात असतो, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि आमच्या शाळांना सुट्ट्या असतात. या दिवसांत गाव सोडून कुठे जावे असे फारसे कोणाच्या मनात येत नाही, कारण पेरणीपूर्वीची कामे उरकायची असतात. या वर्षी मात्र माझ्या भाच्याने हट्ट धरला आणि मला व पत्नीला सेशेल्सला नेले. तो व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. हजारो टनांची जहाजे हाकूनही त्याला ओढ आहे ती वाऱ्यावर चालणाऱ्या लहान बोटीची, आणि त्यासाठी लागणारा परवाना त्याने वेगळी परीक्षा देऊन मिळवला आहे. तो, त्याची पत्नी आणि आम्ही दोघे अशा चौघांसाठी त्याने एक बोट आठवडाभर भाड्याने घेतली होती.

सेशेल्स हा विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला, हिंदी महासागरात पसरलेल्या ११५ बेटांचा देश आहे. १९७६ साली तो स्वतंत्र झाला आणि त्याची लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी, म्हणजे एक लाखाच्या थोडी वर आहे. मुंबईहून थेट विमान असेल तर साडेचार तासांत माहे या मुख्य बेटावर पोहोचता येते. भारतीयांना व्हिसा लागत नाही, फक्त आधी ऑनलाइन अर्ज करून प्रवासाची परवानगी घ्यावी लागते. बेटांवरील झाडाझुडपांना बाहेरून रोग-किडी लागू नयेत म्हणून बियाणे, ताजी फळे किंवा रोपे आत नेऊ देत नाहीत. पत्नीने ज्वारीचे पीठ, कुरड्या, सांडगे आणि तिखट एवढेच बरोबर घेतले होते.

आमची बोट कॅटमरान जातीची होती. दोन लांबट, समांतर होड्या वरून एका रुंद माचीने जोडलेल्या असतात, माचीवर बसण्या-जेवण्याची जागा आणि स्वयंपाकाचा ओटा असतो, तर झोपण्याच्या खोल्या खाली दोन्ही होड्यांच्या पोटात असतात. लांबी बेचाळीस फूट, एक उंच डोलकाठी, एक मोठे शीड, पुढे गुंडाळून ठेवता येणारे दुसरे शीड, आणि वारा नसेल तेव्हासाठी दोन डिझेल इंजिने. छतावर सौर पाट्या होत्या. त्यांच्यावर भरणाऱ्या बॅटऱ्यांवर दिवे, छोटा फ्रिज, नकाशाचा पडदा आणि नांगर उचलण्याचे यंत्र चालते. समुद्राचे पाणी गोडे करण्याचे यंत्र काही बोटींवर असते. आमच्या बोटीवर ते नव्हते. गोडे पाणी टाक्यांत होते तेवढेच.

भाचा म्हणाला, “मामी, टाकीत सहाशे लिटर पानी हाय. चौघांले आठवडाभर पुरवाचं हाय.”

पत्नीने मनातल्या मनात भागाकार केला. माणशी रोजचे साधारण एकवीस लिटर पाणी होते. जल जीवन मिशनने खेड्यातील माणसाला रोज ५५ लिटर पाणी द्यावे असे मानक ठरवले आहे, त्याच्या निम्म्याहूनही हे कमी. तरी ती एवढेच बोलली, “मंग काय झालं. आपल्याले सवय हाय.”

ही सवय काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात आमचे गाव आहे. जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे आहे. विहीर खणली तर पाणी लागते आणि ते पिता येत नाही, पिकाला दिले तर माती चिकट होऊन मरते. पिण्याचे पाणी वान धरणावरून नळाने येते आणि तेही रोज येत नाही. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक घरात दोन पाणी असतात: धुण्या-भांड्याचे खारे आणि पिण्या-शिजवण्याचे गोडे. कोणत्या कामाला कोणते पाणी, हे मुलगी चालायला लागली की शिकते. बोटीवरच्या जगण्याचा मुख्य नियम हाच आहे, आणि मला संपूर्ण आठवडाभर जे पुन्हा पुन्हा जाणवत राहिले ते हेच.

संध्याकाळी व्हिक्टोरिया या राजधानीत बाजारहाट केला. बाजारात वांगी, कढीपत्ता, नीरफणस आणि केळी मिळाली. डाळ, हळद आणि मोहरी तमिळ व्यापाऱ्यांच्या दुकानात मिळाली. शहराच्या मधोमध तमिळ लोकांनी १९९२ मध्ये बांधलेले विनायकाचे देऊळ आहे, त्याचे रंगीत गोपूर दुरून दिसते. प्रवासाआधी गणपतीचे दर्शन व्हावे ही पत्नीची इच्छा होती, ती तिथे पूर्ण झाली. फ्रेंचांनी १७७० मध्ये समोरच्या सेंट ॲन बेटावर पहिली वस्ती केली, त्या पहिल्या तुकडीतही काही भारतीय होते.

रविवार : माहे ते प्रास्लिन

सकाळी भाच्याने हवामानाचा अंदाज तपासला, इंजिनांचे तेल पाहिले, रेडिओचा सोळावा चॅनेल लावून ठेवला आणि प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट कुठे आहे ते दाखवले. बंदराच्या तोंडाशी बोट वाऱ्याकडे नाक करून उभी केली, कारण शीड चढवताना त्यात वारा भरता कामा नये. दोर ओढण्याचे काम माझ्याकडे होते. शीड वर चढत गेले, बोट थोडी वळली, कापडात वारा भरला आणि त्याने इंजिने बंद केली. त्यानंतर फक्त पाण्याचा आवाज होता.

प्रास्लिन हे बेट माहेच्या ईशान्येला सुमारे चोवीस सागरी मैलांवर आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वारा आग्नेयेकडून, म्हणजे आमच्या उजव्या कुशीवर येत होता आणि शिडाच्या बोटीला असा आडवा वारा सर्वांत मानवतो. ताशी पंधरा सागरी मैलांचा वारा आणि सहा मैलांचा आमचा वेग होता. वारा वाढू लागला की शीड पूर्ण न ठेवता खालून आखडून बांधतात, म्हणजे कापड कमी होते आणि डोलकाठीवर ताण येत नाही. आम्हीही निम्म्या वाटेवर तसे केले.

या वाऱ्याविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. मे ते ऑक्टोबर सेशेल्समध्ये आग्नेयेचे व्यापारी वारे वाहतात. दक्षिण हिंदी महासागरात, मॅस्करीन (मॉरिशस, रियुनियन वगैरे) बेटांच्या आसपास आणि त्यांच्या दक्षिणेला, हवेचा मोठा उच्चदाब तयार होतो. तिथून हे वारे निघून विषुववृत्ताकडे येतात. विषुववृत्त ओलांडले की पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे त्यांची दिशा उजवीकडे वळते, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून ते वेगाने अरबी समुद्रावर येतात, वाटेत बाष्प उचलतात आणि आपल्याकडे नैऋत्य मान्सून म्हणून पोहोचतात. केरळात त्यांचे आगमन सर्वसाधारणपणे १ जूनला होते आणि विदर्भात जूनच्या मध्यास. वर्गात मी हे नकाशावर कित्येकदा शिकवले आहे. माझ्या हातातील दोराला तोच वारा ओढत होता, आणि तो अजून विषुववृत्ताच्या अलीकडे होता. काही आठवड्यांनी ज्याची वाट पाहत आमचे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतील, त्याला मी त्याच्या उगमाच्या बाजूने भेटत होतो. हे भाच्याला सांगितले तेव्हा तो सुकाणूवरून म्हणाला, “मामा, हे कोनी शिकोलंच नाई आमाले.” मला ते फार लागले, कारण त्याची शाळा आमच्याच तालुक्यातली.

भाचेसुनेला वाटेत मळमळू लागले. तिला मागच्या बाजूस मोकळ्या हवेत बसवून क्षितिजाकडे पाहायला सांगितले, तोंडात आल्याचा तुकडा दिला, आणि तासाभरात तिला बरे वाटले.

दुपारनंतर प्रास्लिनच्या वायव्य टोकाला आन्स लाझियो या खाडीत नांगर टाकला. डोंगर मध्ये असल्याने तिथे आग्नेयेचा वारा लागत नाही. नांगर टाकण्याची रीत सावकाशीची आहे. तळ प्रवाळाचा नसून वाळूचा आहे हे आधी पाहायचे, कारण प्रवाळावर नांगर पडला की शेकडो वर्षांची वाढ मोडते. पाणी सहा मीटर खोल असेल तर साखळी निदान पाचपट, म्हणजे तीस मीटर सोडायची, मग इंजिनाने हळूहळू मागे ओढून नांगराचे टोक वाळूत रुतवायचे. एवढे करून भाचा डोळ्यांना चष्मा लावून पाण्यात उतरला आणि नांगर कसा बसला आहे ते स्वतः पाहून आला. रात्री बोट जागची हलली तर मोबाइलवर गजर वाजेल अशीही सोय त्याने केली.

पहिला स्वयंपाक तिथे झाला. ओट्याजवळ दोन नळ आहेत: एक गोड्या पाण्याचा आणि दुसरा समुद्राच्या पाण्याचा. दुसरा नळ पायाने दाबायच्या पंपावर चालतो, म्हणजे त्याला वीजही लागत नाही. भाचेसून सांगू लागली की भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटी फक्त एक हात गोड्या पाण्याने फिरवायचा. पण तिने सांगण्याआधीच पत्नीचा पाय पंपावर होता. बटाटे उकडताना तिने तीन भाग गोड्या पाण्यात एक भाग समुद्राचे पाणी घातले, म्हणजे मीठ वेगळे लागले नाही. डाळीसाठी मात्र तिने समुद्राचे पाणी चुकूनही वापरले नाही. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतील पेक्टिनला घट्ट धरतात आणि डाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी टणक राहते. हे कारण मला पुस्तकातून माहीत आहे, तिला विहिरीच्या पाण्याने शिकवले आहे.

सोमवार : क्युरियूज बेट

पहाटे सव्वासहाला उजाडते आणि संध्याकाळी साधारण तेवढ्याच वाजता सूर्य मावळतो. विषुववृत्ताजवळ दिवस-रात्र बारा महिने जवळजवळ सारखे असतात. बोटीवर माणूस आपोआप सूर्याबरोबर उठतो. उठल्यावर आधी बॅटरीचा आकडा पाहायचा, मग टाकीचा, मग आकाश.

आंघोळ अशी होते. मागच्या पायऱ्यांवरून समुद्रात उतरायचे, वर येऊन साबण लावायचा, पुन्हा डुबकी मारायची आणि शेवटी एक लिटर गोडे पाणी अंगावर घ्यायचे. साध्या साबणाला समुद्रात फेस येत नाही, म्हणून भाच्याने पातळ शाम्पूसारखा साबण आणला होता. तो शेवटचा एक लिटर टाळून चालत नाही, कारण अंगावर वाळलेले मीठ हवेतील ओलावा ओढून घेते आणि दिवसभर कातडी चिकट राहते. कपड्यांचेही तसेच आहे: खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा कधी पूर्ण वाळतच नाही.

क्युरियूज हे प्रास्लिनच्या उत्तरेला, समोरच असलेले बेट आहे. बे लारे या खाडीत बोट बांधून आम्ही रबरी होडीने किनाऱ्यावर गेलो. वाळूवर पाऊल ठेवताच महाकाय कासवे दिसली. मोठा नर अडीचशे किलोपर्यंत भरतो. ही कासवे मूळची दूरच्या अल्दाब्रा बेटांवरची. तिथे त्यांची संख्या लाखाहून अधिक आहे आणि १९८२ पासून अल्दाब्रा जागतिक वारसास्थळ आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही कासवे क्युरियूजवर आणून सोडली गेली. मानेखाली हात फिरवला की ती पाय ताठ करून उंच होतात आणि मान लांब करतात. उथळ डबक्यातील पाणी ती नाकपुड्यांनी ओढून पिऊ शकतात. ज्या बेटावर गोडे पाणी खडकाच्या वाटीएवढे साचते, तिथे हे अंग मिळालेला प्राणीच टिकतो.

तिवरांच्या झाडीतून लाकडी पुलाची वाट बेटाच्या दुसऱ्या बाजूला जाते. तिथे डॉक्टरचे एक जुने घर आहे आणि आता त्यात संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकापासून १९६५ पर्यंत क्युरियूजवर कुष्ठरोग्यांची वसाहत होती. माणसांना इतर माणसांपासून दूर ठेवण्यासाठी बेट निवडले गेले, कारण समुद्र ओलांडून कोणी परत येत नाही. त्या ओसरीवर मी बराच वेळ बसलो. आमच्या विदर्भाने या रोगाची माणसे जवळ घेतली: अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन, वर्ध्याजवळ मनोहरजी दिवाणांचे दत्तपूर, वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन. लहानपणी वडिलांबरोबर मी तपोवनात गेलो होतो आणि तिथल्या माणसांनी विणलेली सतरंजी आम्ही घरी आणली होती. क्युरियूजच्या ओसरीवरून समोरचे प्रास्लिन स्पष्ट दिसते, तिथली घरेही दिसतात. इथे राहिलेल्या माणसांनी ती रोज पाहिली असणार.

संग्रहालयातून परतताना आम्ही कोणी फार बोललो नाही. रात्री वरण-भात आणि तळलेल्या कुरड्या झाल्या.

मंगळवार : त्याच खाडीत

सकाळपासून आभाळ भरलेले होते, म्हणून भाच्याने मुक्काम हलवला नाही. माहेवर वर्षाला सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्या अकोल्याच्या जवळजवळ तिप्पट. पण बेटे लहान आणि उताराची असल्याने बरेचसे पाणी समुद्रात जाते.

अकराच्या सुमारास सरीने जोर धरला. भाचा आणि मी ताडपत्री डोलकाठीच्या आधारदोरांना चार कोपऱ्यांत बांधली, मधोमध पाण्याने भरलेली बाटली ठेवून खोलगट भाग तयार केला आणि त्याखाली बादली लावली. पत्नीने पहिली दहा मिनिटे बादली बाजूला ओढून ठेवली, कारण ताडपत्रीवर, दोरांवर, सगळ्या बोटीवर मिठाचा पांढरा थर बसलेला असतो आणि तो आधी वाहून जाऊ द्यावा लागतो. गावी आमच्या कौलांवरचे पाणीही आम्ही असेच घेतो: पहिला पाऊस छपराला, दुसरा आपल्याला. सर थांबेपर्यंत सर्व बादल्या, पातेली आणि पाण्याचे रिकामे डबे भरले होते. त्या पाण्यात तिने चौघांचे कपडे धुतले आणि सुमारे चाळीस लिटर पाणी भांड्यांसाठी राखून ठेवले. मी पाहिले, तिच्या चेहऱ्यावर समाधान होते आणि ते बेटांचे सौंदर्य पाहिल्याचे नव्हते. भाचेसून शहरात वाढलेली आहे. ती पत्नीबरोबर बादल्या उचलता उचलता तिला आमच्या गावच्या नळाविषयी एकेक विचारत होती.

दुपारी गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. तिथे ढग दिसू लागले होते आणि शेजाऱ्यांनी बियाणे आणून ठेवले होते. मी त्याला इथल्या वाऱ्याचा जोर सांगितला, पण पेरणी मात्र जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय करू नकोस असेही सांगितले. मान्सूनचा वारा सेशेल्सला नीट वाहतो म्हणून आमच्या तेल्हारा तालुक्यात वेळेवर पाऊस पडेलच असे नसते.

रात्री आभाळ मोकळे झाले. दक्षिणेला त्रिशंकूचे चार तारे चांगले उंच होते आणि त्यांच्या डावीकडे मित्र व मित्रक हे दोन ठळक तारे होते. मे महिन्यात आमच्या शेतातूनही त्रिशंकू दिसतो, पण क्षितिजाला टेकलेला, धुळीत विरघळलेला. ध्रुवतारा मात्र इथे दिसत नाही, तो क्षितिजाखाली जातो. लग्नात नवरा-नवरीला ध्रुव दाखवायची आपली रीत आहे, आणि या मुलखात तो दाखवायलाच नाही याचे पत्नीला फार नवल वाटले.

बुधवार : प्रास्लिन, व्हॅले द मे

सकाळी बे सेंट ॲन या धक्क्याला आलो. इथे टाकी पुन्हा भरून घेता येते. भाच्याने टाकीचा आकडा पाहिला तर साडेतीनशे लिटर पाणी शिल्लक होते, आणि पाणी भरण्याची गरज नाही असे पत्नीने सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, या बाबतीत तिचाच शब्द अखेरचा.

व्हॅले द मे हे प्रास्लिनच्या मध्यभागी असलेले ताडांचे जंगल आहे. अवघे वीस हेक्टरांच्या आतले, पण १९८३ पासून जागतिक वारसास्थळ. इथे कोको द मेर नावाचा ताड नैसर्गिकरीत्या वाढतो. प्रास्लिन आणि क्युरियूज सोडून जगात तो अन्यत्र कुठेही मूळचा नाही. त्याचे बी वनस्पतिजगतातील सर्वांत जड बी असून ते पंचवीस किलोपर्यंत भरते, आणि फळ पिकायला सहा-सात वर्षे लागतात. ताजे फळ पाण्यात बुडते. आतून कुजून पोकळ झालेले फळ मात्र तरंगते. अशी फळे प्रवाहाबरोबर मालदीवच्या किनाऱ्याला लागत, आणि ती कोणत्या झाडाची हे कोणालाच ठाऊक नसल्याने समुद्राच्या तळाशी एक झाड आहे असे लोक मानत. १७६८ मध्ये फ्रेंच मोहिमेला प्रास्लिनवर ही झाडे सापडली आणि ते कोडे सुटले.

आमच्याकडे याला दर्याई नारळ म्हणतात. नागपूरला ताजबागेच्या उर्सात फकिरांच्या हातात मी काळे, चकचकीत, नावेच्या आकाराचे कटोरे पाहिले आहेत. ते याच फळाच्या अर्ध्या कवचाचे असतात. त्यांचे झाड पाहायला मिळेल असे कधी वाटले नव्हते. आता सरकारी शिक्का आणि प्रमाणपत्र असल्याशिवाय हे फळ देशाबाहेर नेता येत नाही, आणि तेच योग्य आहे.

पण मला सर्वांत विलक्षण वाटली ती त्या झाडाची पाने. पान कित्येक मीटर लांब असते, त्याला घड्या असतात आणि देठ पन्हळीसारखा खोलगट असतो. पावसाचे पाणी पानावरून, देठातून सरळ खोडाच्या बुंध्याशी येते आणि बरोबर पानावर पडलेला पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा आणि परागही घेऊन येते. या जंगलातली माती निकृष्ट आहे. झाड स्वतःच्या पायाशी स्वतःसाठी खत आणि पाणी गोळा करते. छत्री उलटी धरल्यावर पाणी दांड्यावरून हातात यावे तसे ते आहे. आम्ही तिथे असताना वीस मिनिटे पाऊस पडला आणि ते वाहताना आम्ही डोळ्यांनी पाहिले. पत्नीने बुंध्याजवळची माती बोटांनी चाचपली आणि ती इतर जागेपेक्षा भुसभुशीत असल्याचे सांगितले.

गुरुवार : ला दीग

प्रास्लिनहून ला दीग जवळच, पण वारा येतो त्या दिशेला आहे. शिडाची बोट समोरून येणाऱ्या वाऱ्यात सरळ जाऊ शकत नाही, नागमोडी जावे लागते. म्हणून भाच्याने हे अंतर इंजिनावर कापले. लहान बंदरात मागची बाजू धक्क्याकडे करून बोट बांधली.

या बेटावर लोक सायकलीवर फिरतात. आम्हीही चार सायकली घेतल्या. लुनियों इस्टेटमध्ये खोबऱ्याचे तेल काढण्याचा जुना घाणा आहे, तो बैल फिरवतो. बैलाचे खांदे आणि चाल पाहून त्याचे वय काय असेल याची चर्चा माझ्यात आणि तिथल्या गड्यात खुणांनी झाली.

तिथून पुढे आन्स सुर्स दार्जाँ हा किनारा लागतो. चित्रांतून तो सर्वांनी पाहिलेला असतो: गुलाबी-करडे, गोलाईदार प्रचंड खडक आणि मध्ये पांढरी वाळू. या खडकांचे वय सुमारे ७५ कोटी वर्षे आहे. महासागरातील बहुतेक बेटे ज्वालामुखीची किंवा प्रवाळाची असतात, पण माहे, प्रास्लिन, ला दीग ही ग्रॅनाइटची, म्हणजे भूखंडाच्या तुकड्याची आहेत, आणि तो तुकडा एके काळी भारताला जोडलेला होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ज्या काळात दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरत होते, त्याच सुमारास तो भारतापासून तुटला. तो लाव्हा थंड होऊन बेसॉल्ट झाला आणि त्या बेसॉल्टची झीज होऊन आमची काळी कापसाची माती झाली. खडकावर हात ठेवून हे भाचेसुनेला सांगताना माझा आवाज थोडा चढला असावा, कारण शेजारची दोन मुले वाळूचा किल्ला सोडून ऐकायला आली.

शुक्रवार : माहेकडे परत

उजाडताच निघालो. वारा पुन्हा आडवा, या वेळी डाव्या बाजूने, आणि सकाळभर लाटा मोठ्या होत्या. प्रास्लिनला वळसा घालून पुढे गेल्यावर कझिन हे छोटे बेट लागले. तिथे फक्त तिथल्या रक्षकांच्या होड्यांतूनच उतरता येते, म्हणजे बाहेरच्या बोटीतून उंदीर जाऊ नयेत. १९६८ मध्ये पक्षिप्रेमी संस्थेने हे नारळाचे मळे असलेले बेट विकत घेतले, तेव्हा सेशेल्स वार्ब्लर या लहानशा पक्ष्याची जगातील संख्या तीसपेक्षाही कमी होती आणि ते सगळे याच बेटावर होते. मूळची झाडे वाढू दिली, आणि आता तो पक्षी इतर बेटांवरही नांदतो आहे. आम्ही उतरलो नाही. पांढऱ्या कुररींची जोडी मात्र बराच वेळ डोलकाठीभोवती फिरत राहिली. ही पाखरे घरटे बांधत नाहीत, उघड्या फांदीवर एकच अंडे घालतात.

दुपारी सुकाणू काही वेळ माझ्या हातात होते. लाट मागून उचलते तेव्हा बोट एका बाजूला वळू पाहते, आणि ती वळण्याआधीच चाक थोडे फिरवावे लागते. संध्याकाळी माहेसमोरच्या सेंट ॲन बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. पत्नीने उरलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी केल्या, वांग्याचे भरीत केले आणि भाच्याने दोन भाकरी जास्त घेतल्या.

शनिवार : ईडन आयलंड, माहे

सकाळी बोट परत करायची होती. धक्क्यावरच्या मुलीने दोर, शिडे, नांगराची साखळी आणि डिझेल तपासले. टाकीत शंभर लिटरांहून थोडे जास्त पाणी शिल्लक होते, ते तिने दोनदा पाहिले. आमच्यानंतर बोट घेणारे कुटुंब सामानासह येऊन उभे होते, आई-वडील आणि दोन मुले. त्यांची भाषा आम्हांला येत नव्हती. पत्नी त्या बाईंना ओट्याजवळ घेऊन गेली, समुद्राच्या पाण्याचा पंप पायाने दाबून दाखवला, गोड्या पाण्याच्या नळावर बोट ठेवून तो किती थोडा उघडायचा ते दाखवले, आणि ताडपत्री कोणत्या कपाटात आहे तेही सांगितले. त्या बाईंनी पंप स्वतः दाबून पाहिला. मग आम्ही पिशव्या उचलल्या आणि विमानतळाकडे जाणाऱ्या गाडीत बसलो.